सातवीच्या मुलांचं पायथन नेमकं कुठे अडतं

मॅडम, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी माध्यमाची शाळा. सातवीचा पट ४२, चालू स्थितीतले संगणक ११, आठवड्याला संगणकाच्या दोन तासिका. पाचवी-सहावीत मुलांनी स्क्रॅच (ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायची भाषा) केलं, त्यात ती रमली, छोटे खेळही बनवले. म्हणून दिवाळीनंतर तुम्ही पायथन ही टाइप करायची भाषा सुरू केली. दोन महिन्यांनी चित्र असं आहे की सात-आठ मुलं पुढे पळताहेत आणि बाकीची फळ्यावरचा प्रोग्राम वहीत उतरवून घेतात, संगणकावर एरर आली की हात वर करून बसून राहतात. तुम्ही विचारलंत की मुलांना लॉजिकच कळत नाही का, आणि सगळ्यांना परत स्क्रॅचवर न्यावं का.

मी एकोणीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये संगणक शिकवते आहे. तुमच्या वर्गाचं हे वर्णन मी स्वतः तीन वेगवेगळ्या शाळांत जगले आहे. लॉजिक कळत नाही असं मला वाटत नाही. ज्या मुलानं स्क्रॅचमध्ये 'कडेला लागलं तर वळ' केलं, त्याला 'इफ' माहीत आहे. 'दहा वेळा कर' केलं, त्याला लूप माहीत आहे. स्क्रॅचमध्ये मुलाला दोन आधार असतात, ते आपल्या लक्षात येत नाहीत. एक म्हणजे तिथे व्याकरणाची चूक करताच येत नाही, कारण आकार जुळला नाही तर ब्लॉक बसतच नाही. दुसरं, सगळे ब्लॉक डाव्या बाजूला मांडून ठेवलेले असतात, काही आठवावं लागत नाही. टाइप करायच्या भाषेत हे दोन्ही आधार एकाच दिवशी निघून जातात. कोलन, कंस, अवतरणचिन्हं, ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, इंग्रजी स्पेलिंग, हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि तेही अशा कीबोर्डवर ज्यासमोर मूल महिन्यातून जेमतेम आठ वेळा बसतं.

पण माझ्या मते खरी अडचण याच्याही आधीची आहे. मुलांना कोड वाचायला आपण शिकवलेलंच नसतं. पहिलीतल्या मुलाला आपण निबंध लिहायला बसवत नाही, आधी त्याच्याकडून धडा वाचून घेतो. पायथनच्या पहिल्याच तासाला मात्र कोरी फाइल उघडून देतो आणि म्हणतो, लिहा.

यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. एका संगणकावर चार मुलं बसत असतील (तुमच्याकडे जवळपास तेवढीच बसतात) तर टाइप एकच मूल करतं, उरलेली तिघं बघतात. तासिका ३५ मिनिटांची असेल तर संगणक सुरू होऊन मुलं जागेवर बसेपर्यंत त्यातली सात-आठ मिनिटं जातात. मुलांना इंग्रजी अक्षरं सफाईनं ओळखता येतात का, लॅबमधली वीज किती वेळा जाते, तुमचा स्वतःचा हात पायथनवर किती बसलेला आहे, या सगळ्यावर वेग ठरतो. त्यामुळे 'अमुक महिन्यात अमुक धडा संपलाच पाहिजे' असं कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुरू करायला सांगितलं आहे, अमुक भाषा शिकवा असं नाही. इंग्लंडनं तर सप्टेंबर २०१४ पासून प्रोग्रामिंग अभ्यासक्रमात सक्तीचं केलं, पण तिथेही टाइप करायची भाषा हवी ही अट ११ ते १४ वर्षांच्या टप्प्यासाठी आहे: दोन किंवा अधिक भाषा, त्यातली किमान एक मजकुराची. म्हणजे तुमची मुलं कुठेही मागे पडलेली नाहीत. माझ्या वर्गात मी सातवीच्या दुसऱ्या सत्रात सुरुवात करते आणि कोऱ्या फाइलवर स्वतंत्र लिहिणं आठवीवर सोडते.

आता माझी एक चूक सांगते, कारण तिच्यातूनच माझी पद्धत बदलली. सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्यावर प्रोग्राम लिहायचे, मुलं वहीत उतरवायची, मग संगणकावर टाइप करायची. वह्या सुंदर दिसायच्या. एका मुलाची वही तर मी इतर वर्गांना दाखवायला न्यायचे, लाल शाईनं शीर्षकं, निळ्या शाईनं कोड. एकदा त्याच्याच वहीतला चार ओळींचा प्रोग्राम त्याच्यासमोर ठेवून मी विचारलं, हा चालवला तर पडद्यावर काय येईल? तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगा ना." सत्तर पानं त्यानं लिहिली होती आणि त्यातली एकही ओळ वाचली नव्हती. त्याचा त्यात काही दोष नव्हता, मी त्याला वाचायला कधी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर मी क्रम उलटा केला. पहिले पाच-सहा आठवडे मुलं काहीही नवीन लिहीत नाहीत. मी चार-पाच ओळींचा चालणारा प्रोग्राम कागदावर देते आणि प्रत्येकानं संगणकाला हात लावण्याआधी लिहून द्यायचं की पडद्यावर काय येईल. मग चालवायचा. अंदाज चुकला तर का चुकला ते शेजाऱ्याला समजावून सांगायचं. मग त्यातली एक गोष्ट बदलायची, पुन्हा अंदाज, पुन्हा चालवणं. अगदी शेवटी स्वतःचा प्रोग्राम. या क्रमाला शिक्षणाच्या अभ्यासकांनी 'प्रिम' असं नाव दिलं आहे. अंदाज, चालवणं, तपासणं, बदलणं आणि बनवणं या पाच पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते आलं, आणि इंग्लंडमधल्या स्यू सेंटन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची मांडणी केली. तुमच्यासाठी याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे ४२ मुलांना ११ संगणक पुरतात, कारण निम्मं काम कागदावरच होतं.

कागदावर नेमकं काय द्यायचं? मी हा प्रश्न दरवर्षी पहिल्याच आठवड्यात देते. (कोड इथे उच्चाराप्रमाणे लिहिते, मुलं तो इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच बघतात.)

अ = ५
ब = अ
अ = ९
प्रिंट(ब)

काय छापलं जाईल? उत्तर ५ आहे. माझ्या वर्गात दरवर्षी बरीच मुलं ९ लिहितात, आणि ती विचार करून लिहितात. गणिताच्या तासाला ती समीकरणं शिकतात, तिथे 'ब बरोबर अ' म्हटलं की ते दोघं कायमचे सारखे. मग अ बदलला की ब बदलायलाच हवा. मुलाचं तर्कशास्त्र चोख आहे, फक्त इथे त्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. म्हणून माझ्या वर्गात ते चिन्ह 'बरोबर' असं वाचायला मनाई आहे. 'अमध्ये पाच ठेव. अमध्ये आत्ता जे आहे ते बमध्ये ठेव. अमध्ये नऊ ठेव.' असं मोठ्यानं वाचायचं. आणि कागदावर प्रत्येक नावाचा एक डबा काढायचा, नवीन किंमत आली की जुनी खोडून नवी लिहायची. खोडलेला आकडा दिसत राहिला पाहिजे, म्हणून खोडरबर वापरू देत नाही. हे डबे दोन आठवडे काढून घेतले की 'अ = अ + १' बघून कोणी चक्रावत नाही, एरवी गणित चांगलं असलेली मुलंच तिथे जास्त अडतात.

दुसरा प्रश्न असाच मोलाचा. 'इनपुट'नं घेतलेले ५ आणि ७ यांची बेरीज छापा. मुलं १२ लिहितात, पडद्यावर ५७ येतं. कीबोर्डवरून आलेलं सगळं संगणक आधी अक्षरं म्हणूनच धरतो आणि अक्षरं एकापुढे एक जोडतो, हे मग सांगावं लागत नाही, मुलंच ओरडून सांगतात. त्या अक्षरांची संख्या करायला 'इंट' लागतं.

आणखी एक गैरसमज मुद्दाम शोधा. संगणकाला आपल्या मनातलं कळतं असं मुलांना आतून वाटत असतं. रॉय पी या संशोधकानं १९८६ साली याला सगळ्या चुकांची मूळ चूक म्हटलं होतं, आणि माझ्या वर्गात ती दर वर्षी भेटते. मूल एका डब्याला 'मोठा' असं नाव देतं आणि गृहीत धरतं की आता तीन संख्यांपैकी मोठी संख्या आपोआप त्यात जाऊन बसेल. नाव वाचून संगणक काहीच करत नाही हे दाखवायला मी त्याच प्रोग्राममध्ये 'मोठा' काढून 'बटाटा' लिहायला सांगते. उत्तर तेच येतं. वर्ग हसतो, आणि मुद्दा वर्षभर लक्षात राहतो.

वाचनानंतरची पायरी पट्ट्यांची. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला प्रोग्रामच्या ओळी मोठ्या अक्षरांत लिहून कापायच्या, लिफाफ्यात मिसळून द्यायच्या, गटानं बाकावर योग्य क्रमानं लावायच्या. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ साली हा प्रकार संगणकावरच्या कोड्यांच्या रूपात मांडला, कागदावर तो तितकाच चालतो. मूल इथे व्याकरण टाइप करत नाही, पण विचार मात्र पूर्ण करतं. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे याला अर्थ असतो, तोही इथेच शिकवून होतो. सातच्या पाढ्याचा लूप द्या आणि त्यात 'प्रिंट("झालं")' अशी एक पट्टी टाका. ती आत सरकवून लावली तर 'झालं' दहा वेळा येतं, कडेला लावली तर एकदा. एका गटाला एक मांडणी, दुसऱ्याला दुसरी द्या आणि दोन मुलांना संगणक होऊन उभं राहून पाढा म्हणायला लावा. माझ्या वर्गात आत सरकवण्याबद्दलचा प्रश्न यानंतर फारसा उरत नाही. त्याच पाढ्यात 'रेंज(१, ११)' का, १० का नाही, हे मुलं विचारतीलच. शेवटचा आकडा धरला जात नाही एवढंच सांगा आणि ११च्या जागी १० लिहून सत्तर कसे गायब होतात ते बघू द्या.

आता एररबद्दल, कारण तुमची मुलं तिथेच हात टेकतात. तुमच्या लॅबमधल्या संगणकांवर विंडोज ७ आहे असं तुम्ही लिहिलंत. विंडोज ७ वर पायथनची ३.८ हीच शेवटची आवृत्ती चालते, आणि तिचे एररचे निरोप फार त्रोटक आहेत. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा प्रोग्राम असा होता:

नाव = इनपुट("तुझं नाव काय?")
गुण = इंट(इनपुट("गुण किती?")
प्रिंट(नाव, गुण)

संगणक म्हणत होता, तिसऱ्या ओळीत व्याकरण चुकलं आहे. तिनं तिसरी ओळ चार वेळा पुसून पुन्हा लिहिली. प्रत्येक वेळी अगदी बरोबर लिहिली, आणि प्रत्येक वेळी तीच एरर. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला दुसऱ्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. उघडलेले कंस किती? दोन. मिटलेले? एक. ती लगेच म्हणाली, "चूक वर आहे, पण तो खालची ओळ का दाखवतो?" या प्रश्नावर मी तो सगळा तास दिला. कंस मिटलेला नाही म्हणून पायथनला वाटतं की दुसरी ओळ अजून चालूच आहे. तो पुढे वाचत जातो, तिसऱ्या ओळीतला 'प्रिंट' हा शब्द भलत्याच ठिकाणी भेटतो आणि तो तिथे थांबतो. तो जिथे थांबला ती जागा दाखवतो. चूक तिथेच असेल असं नाही, बऱ्याचदा ती वरच्या ओळीत असते.

हे एकदा कळलं की मूल एररला घाबरत नाही. आम्ही वर्गाची एक चूक-वही ठेवतो. तीन रकाने: संगणकानं कोणती ओळ दाखवली, चूक खरी कुठे निघाली, काय बदललं. ज्याला चूक सापडली त्यानं स्वतः लिहायचं. जानेवारीपर्यंत मुलं मला हाक मारण्याआधी ती वही उघडतात. एक-दोन संगणक विंडोज १० किंवा लिनक्सवर नेता आले तर तिथे पायथन ३.१० किंवा पुढची आवृत्ती टाका. ती कंस मिटलेला नाही असं स्पष्ट सांगते, बरोबर ओळ दाखवते, आणि 'प्रिंट'चं स्पेलिंग चुकलं तर तुला हे म्हणायचं होतं का असंही विचारते. सोबत थॉनी नावाचा संपादक (कोड लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) घ्या. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तो नवशिक्यांसाठी तयार झाला, फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतो, आणि प्रोग्राम एकेक पाऊल पुढे नेत कोणत्या नावात काय किंमत आहे ते बाजूला दाखवतो. मुलांनी कागदावर काढलेले डबे इथे पडद्यावर दिसतात.

एक छोटी पण छळणारी गोष्ट. प्रोग्राम वर्डमध्ये लिहून मग चिकटवू देऊ नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं गोल करतो आणि पायथन ती ओळखत नाही. दिसायला दोन्ही सारखीच, त्यामुळे मूल तासभर शोधत बसतं.

इंग्रजीबद्दल तुम्ही काळजीनं विचारलं आहे. पहिल्या सहा महिन्यांत मुलांना इंग्रजी शब्द लागतात ते जेमतेम दहा-बारा: प्रिंट, इनपुट, इंट, इफ, एल्स, फॉर, इन, रेंज, व्हाइल आणि असे दोन-तीन. ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, शेजारी मराठीत काम लिहा, आणि त्यांचं स्पेलिंग परीक्षेत विचारू नका. पायथन ३ मध्ये डब्यांची नावं देवनागरीत देता येतात, 'गुण = ४०' असं. (डावीकडचा शब्द मराठी चालतो, पण चाळीसचा आकडा मात्र कोडमध्ये इंग्रजीच लागतो. गंमत अशी की तोच आकडा मुलानं 'इनपुट'ला उत्तर म्हणून देवनागरीत टाइप केला तर 'इंट' तो बिनतक्रार स्वीकारतो.) तरी मी नावं इंग्रजी अक्षरांतच, पण मराठी शब्दांची ठेवायला सांगते. दर ओळीला कीबोर्ड मराठी-इंग्रजी बदलणं हे त्या वयाच्या हाताला जड जातं. शिवाय देवनागरी टाइप करताना काही कीबोर्ड जोडाक्षरात न दिसणारं एक चिन्ह टाकतात आणि पायथन त्यावर अडतो. अवतरणचिन्हांच्या आतला मजकूर मात्र मराठीतच असावा. 'तुझं नाव काय?' असं संगणकानं विचारलं की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं मूलही पुढे सरकून बसतं.

स्क्रॅचवर परत जायचं का? पूर्ण परत नको, पण सोडूही नका. एकच चित्र दोन्हीकडे काढून घ्या. स्क्रॅचमध्ये पेननं चौकोन, आणि शेजारी पायथनच्या 'टर्टल'नं तोच चौकोन: शंभर पुढे जा, नव्वद अंश वळ, चार वेळा. लोगो भाषा १९६७ साली सेमूर पेपर्ट, सिंथिया सोलोमन, वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी केली आणि कासवानं चित्रं काढण्याची कल्पना तिच्यातून रुजली. पायथनमध्ये ते कासव आयतं येतं, वेगळं काही घ्यावं लागत नाही. चौकोनावरून ताऱ्याकडे आणि ताऱ्यावरून रांगोळीकडे मुलं स्वतःच जातात, आणि चूक झाली तर ती वाकड्या रेघेत लगेच दिसते. फक्त एक पाळा: फाइलचं नाव 'टर्टल' ठेवू देऊ नका. तसं ठेवलं की पायथन स्वतःच्या कासवाऐवजी मुलाचीच फाइल उघडतो आणि न समजणारी एरर देतो. माझ्या वर्गात दर वर्षी दोन-तीन जण हे करतातच.

जी सात-आठ मुलं पुढे आहेत त्यांना पुढचा धडा देऊन वेगळं काढू नका. त्यांच्याकडून चुकलेले प्रोग्राम बनवून घ्या, प्रत्येकात एकच चूक, आणि ती इतरांना शोधायला द्या. दुसऱ्याला सापडेल अशी पण लगेच दिसणार नाही अशी चूक तयार करायला भाषा चांगली यावी लागते. आणि कोणी घरच्या मोबाइलवरच्या एआयकडून तयार कोड आणला तर रागावू नका. त्याच्याकडूनही तेच करून घ्या: चालवायच्या आधी काय छापलं जाईल ते कागदावर लिही. लिहिता आलं तर कोड त्याचा.

पालक आणि मुख्याध्यापक 'मुलांना पायथन येतं का' असं विचारतील. २०२० च्या सुमारास लहान मुलांच्या कोडिंग क्लासेसच्या जाहिरातींचा जो पूर आला, तेव्हापासून हा दबाव वाढला आहे. पालकसभेत मी मुलाला पुढे बोलावते, त्यानं न पाहिलेला सहा ओळींचा प्रोग्राम देते आणि एकेक ओळ वाचून दाखवायला सांगते. पालकांना कोड कळत नाही, पण आपलं मूल समजून बोलतंय हे बरोबर कळतं.

तर पुढच्या महिन्यात एवढंच करा. वहीत उतरवून घेणं आजच थांबवा. एका तासिकेला निम्मा वर्ग कागदावर अंदाज आणि डबे, निम्मा संगणकावर, मग अदलाबदल. दुसऱ्या तासिकेला पट्ट्या किंवा कासव. कोरी फाइल मार्चपर्यंत नको. येत्या सोमवारी तो अ-ब चा चार ओळींचा प्रश्न चिठ्ठीवर द्या, नावं न घालता गोळा करा, आणि किती जणांनी ९ लिहिलं ते मला कळवा. तो आकडा बघून पट्ट्यांचा पहिला संच सोपा ठेवायचा की लगेच लूपवर जायचं ते आपण ठरवू.